काटा कशाचा, ते सांगायचं होतंस

वहिनी,

लोकांसमोर मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि स्वयंपाकघरात 'तू'. परवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला तेव्हा तोंडात 'तुम्ही'च आलं, आणि पुढं काही बोलताच येईना. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, सगळं विहार बसलेलं. कुणीतरी म्हणालं, नणंदेला लई लागलंय, बसू द्या तिला. बसले. आज घरात कुणी नाही. दादा दुकानाचं कुलूप काढून आत नुसताच बसायला गेलाय. म्हणून आता 'तू' म्हणून बोलते.

लग्न होऊन तू आमच्या पुंडलिकनगरच्या घरात आलीस, पण किती तरी वर्षं आपलं बोलणं भाजी काय करायची आणि नळाला पाणी आलं का, एवढ्यावरच होतं. माझी दवाखान्यातली ड्युटी, घरी आल्यावर आईचं दुखणं. तुझं दादाबरोबर माशांचं दुकान. त्याच्या कंबरेनं दगा दिल्यापासून टाक्यांत हात तूच घालायचीस. लोकांच्या बंगल्यांत, हॉटेलांत, दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन काचा घासायच्या, पाणी बदलायचं, मासे हलवायचे, सगळं तूच. कन्नडच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातली बाई, जिच्या माहेरच्या नदीला वर्षाचे आठ महिने पाणी नसायचं, ती समुद्राच्या माशांना नावानं हाका मारायची. मला त्याचं हसू यायचं. तुझ्यासमोर कधी हसले नाही इतकंच.

आपली खरी ओळख झाली ती लायनफिशमुळं. मी अपघात विभागात ड्युटीवर होते. रिक्षातून दादा तुला धरून घेऊन आला. कोपराच्या वर सुतळी करकचून बांधलेली, पदर दातांत धरलेला, आणि तोंडाचा रंग उडालेला. दादा म्हणाला, "मासा लागला." नव्या डॉक्टर पोराला ते काही कळलं नाही.

"मासा चावला?" त्यानं विचारलं.

"चावला नाय हो, काटा मारला," तू पदर सोडून ओरडलीस. "पंखावानी असतो त्याला, लाल-पांढरा. त्याच्यात इख असतं!"

कुणीतरी बर्फ आणून लावला. त्यानं तू आणखीच कळवळलीस. तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर आले. ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी आधी सुतळी कापायला लावली, मग बर्फ फेकायला लावला. "आमच्याकडे शिंगाळा मासा लागला की बायका आधी चूल पेटवतात," म्हणाले. "सिस्टर, गरम पाणी आणा. सोसवेल इतकं गरम. उकळतं नाही."

कँटीनमधून पाणी आणलं, बादलीत घेतलं. मी ते तुझ्या चांगल्या हातानं आधी तपासायला लावलं, कारण काटा लागलेल्या हाताला गरम कळत नाही, तो भाजून निघतो तरी माणसाला पत्ता लागत नाही. मग दुखरा हात आत घातला. तू मला शिव्या दिल्यास. वहिनी, इतकी वर्षं एका घरात राहून तुला इतक्या शिव्या येतात हे मला त्या दिवशी कळलं. पाणी निवलं की मी दुसरं ओतायचे, आणि प्रत्येक वेळी आधी तुझा चांगला हात त्यात बुडवायचे. हळूहळू तुझे खांदे खाली आले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग तू डोळे उघडून म्हणालीस, "ताई, च्या मिळंल का गं?"

'गं' म्हणालीस. तोवर 'ताई, घेता का' आणि 'ताई, येता का' असं चालायचं. त्या बादलीपाशी आपलं 'अहोजाहो' संपलं.

मग तुटलेला काटा आत राहिला नाही ना म्हणून एक्स-रे काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी तुला समजावून सांगितलं, की त्या विषाला उष्णता सोसत नाही, म्हणून पाण्यानं दुखणं उतरतं. पण विष उतरलं म्हणजे सगळं झालं असं नाही. टाकीतल्या पाण्यात जंतू असतात, ते जखमेतून आत गेले तर नंतर त्रास देतात. हात सुजला, लाली वर चढायला लागली, ताप आला, तर तसंच उठून यायचं आणि पहिल्यांदा सांगायचं की मासा लागलाय. तू मान हलवलीस. त्यातलं पहिलं तू जन्मभर लक्षात ठेवलंस.

त्यानंतर दुकानात माशांच्या खाण्याच्या डब्यांशेजारी एक मोठा थर्मास आला. रोज सकाळी तू तो भरायचीस. पुढं गावभरातल्या मासे पाळणाऱ्यांना माहीत झालं, की कुणाला काटा लागला तर आधी पुंडलिकनगरच्या भाभीकडं जायचं. शहागंजकडची मुलं यायची, "भाभी, हाथ में आग लगी है, कुछ तो करो" म्हणत. छावणीतले एक रिटायर्ड सुभेदार यायचे. त्यांच्या टाकीतल्या माशानं त्यांना दोनदा काटा मारला तरी त्यांनी तो मासा सोडला नाही. तू सगळ्यांना तेच करायचीस. वर बांधलेलं सोडायचं, कापायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही, चांगल्या हातानं पाणी बघायचं, मग दुखरा हात आत. आणि मग त्यांना माझ्याकडं पाठवायचीस. ड्युटीवर मला फोन यायचा, "ताई, एक जण पाठवलाय. रडतोय लई. बघ जरा."

त्या बांधकामवाल्या साहेबांची आठवण आहे ना? एवढा धिप्पाड माणूस, गळ्यात सोन्याची साखळी. घरात भिंतभर टाकी, त्यात स्टिंगरे पाळलेले. जाळीनं हलवताना एकानं शेपटी फिरवली आणि मनगटात काटा घुसवला. तू तिथंच टाकी धुवायला गेली होतीस. त्याचा भाऊ तो काटा ओढून काढायला बघत होता. तू त्याचा हात धरलास. "खोल गेलाय, तिथं नस असती. डॉक्टर काढतील," म्हणालीस. मग बाथरूमच्या गिझरचं पाणी टबात घेऊन त्याचा हात काट्यासकट धरून बसलीस. मी ड्युटी संपवून त्या बाजूनंच चालले होते म्हणून तू मला बोलावलंस. मी आत आले तेव्हा तो माणूस फरशीवर बसून "आई गं, आई गं" करत होता, आणि तू त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याला तुझ्या बापाच्या मेंढ्यांची गोष्ट सांगत होतीस. खरं तर तुझ्या बापाकडं मेंढ्या नव्हत्याच, मेंढ्या शेजारच्या धनगरांच्या. नंतर मी विचारलं तर म्हणालीस, "मग काय सांगू त्याला? आमच्याकडं काहीच नव्हतं असं सांगू? तो आणखी रडला असता."

त्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभं राहून मी तुला म्हणाले होते, हे मासे आणू नका. दादाला सांग, गप्पी विका, गोल्डफिश विका, लेकरं खूश होतात. हे इखारी कशाला? तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "मासा कुठं येतो गं आपल्या घरात? आपणच हात घालतो त्याच्या घरात." मी म्हणायचे, मग घालू नको. तू म्हणायचीस, मग त्याचं घर घाण होईल. हे भांडण आपण इतक्या वेळा केलं की दादा त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचा. ते मिटलं नाहीच. मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं, आणि आता ते कुणाला सांगू?

मग तुला साखर निघाली. आईचं आजारपण चालू असतानाच निघाली, म्हणून घरात कुणी त्या साखरेकडं धड बघितलं नाही, तू तर नाहीच नाही. आईची औषधं तू वेळेवर द्यायचीस आणि स्वतःची गोळी डब्यात तशीच. हळूहळू तुझ्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. तवा उचलताना कळेना, सुई शिरली तरी कळेना. मी घाबरले. तुझ्यासाठी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले. तू ते कौतुकानं घातलेस, आरशात बघितलंस आणि म्हणालीस, "डॉक्टरीण दिसते का?" दुसऱ्या आठवड्यात बघते तर ते घालून तू संडास घासत होतीस. मोज्यांत मासा हाताला लागत नाही, निसटतो, जखमी होतो, असं तुझं म्हणणं. मी म्हणाले, तो जखमी झाला तर पाण्यात बरा होईल, तुझ्या रक्तात साखर आहे, तुझी जखम बरी होणार नाही. तू उठून चहा ठेवलास. आपल्याकडं अवघड बोलणं निघालं की चहा व्हायचा.

आई गेली. मग घर एकदम रिकामं झालं. ड्युटीवरून आल्यावर काय करायचं हेच मला सुचेना. लग्न केलं नाही, आईची सेवा करता करता वय गेलं. कुणी मागं लागलं नाही आणि मीही नाही. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण विहारातल्या बायका बोधगयेला निघाल्या तेव्हा तू मला न विचारता माझं नाव दिलंस. मी म्हणाले, कशाला, सुट्टी मिळणार नाही. तू म्हणालीस, "सुट्टी मी आणते. तुझ्या मॅट्रनला मी बोलते." आणि खरंच जाऊन बोललीस! काय बोललीस ते मला आजवर कळलं नाही. मॅट्रन मला नुसती म्हणाली, "जाऊन या. भावजय असावी तर अशी."

स्टेशनवर तू डबा दिलास, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, लाडू. गाडी हलताना खिडकीपाशी चालत म्हणालीस, "घरची काळजी केली तर बघ. रोज फोन करते मी."

रोज केलास.

आता पुढचं मला दादानं सांगितलं ते. मी गेल्यानंतर छावणीतल्या सुभेदारांची टाकी हलवायची होती. त्यात ते मासे होते, गिऱ्हाईक ज्यांना 'शार्क' म्हणतं. खरं तर शिंगाळ्याच्याच जातीतले, गोड्या पाण्यातले, निरुपद्रवी म्हणून लहान मुलांच्या टाकीतही सोडतात. त्यातल्या एकाचा कल्ल्यामागचा काटा तुझ्या तळहातात, अंगठ्याच्या खाली शिरला. तुला फारसं कळलंच नाही. रक्त बघून कळलं. तू दुकानात येऊन थर्मासचं पाणी घेतलंस, हात बुडवून बसलीस, पुसलास आणि कामाला लागलीस. लायनफिश सोसलेली बाई तू, तुझ्या लेखी हा काय मासा होता!

दोन-तीन दिवसांनी तुझ्या भाचीचं लग्न, कन्नडला. हात जड वाटत होता. दादा म्हणाला, दाखवून जाऊ. तू म्हणालीस, लग्न झाल्यावर. तिथं हळदीत तू पदराखाली हात लपवून फिरलीस. बहिणीनं विचारलं तर मुंगी चावली म्हणालीस. लग्नाच्या दिवशी सूज मनगटावर आली तेव्हा दादानं जबरदस्तीनं तिथल्या एका डॉक्टरकडं नेलं. दवाखान्यात गर्दी होती. त्यानं विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "काटा टोचला."

खोटं नाहीच ते. काटाच टोचला होता. शेतावरची माणसं दिवसभर येतात त्याच्याकडं, बाभळीचा काटा, बोरीचा काटा. त्यानं कशाचा ते विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. दुखायचं इंजेक्शन आणि साध्या गोळ्या घेऊन तू मांडवात परत आलीस. साखरेचंही बोलली नाहीस.

दादा म्हणतो, मी दारात म्हणालो होतो, सुषमाला फोन करू, तिला विचारू. तू त्याचा हात धरलास. "तिला नाय सांगायचं," म्हणालीस. "ती अर्ध्यातून येईल. आयुष्यात पहिल्यांदा गेलीय." त्यानं ऐकलं. बायकोचं सगळं ऐकणारा माणूस तो, याचं मला कौतुक होतं. आता त्याच्याकडं बघवत नाही. तो जेवायला बसतो, मी ताट वाढते, आणि आम्ही दोघं तुझ्याविषयी सोडून सगळं बोलतो. काल मीठ कमी होतं, तेवढं बोललो.

आमची परतीची गाडी इटारसीच्या पुढं होती तेव्हा त्याचा फोन आला. तुला मासा लागलाय, हात सुजलाय, असं त्यानं कसंबसं सांगितलं. मी एवढंच विचारलं, लाली कुठपर्यंत आलीय? तो म्हणाला, "लाली नाय, काळं पडलंय." तिथून मनमाडपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते सांगत नाही. बरोबरच्या बायका बुद्धवंदना म्हणत होत्या. माझ्या डोक्यात फक्त औषधांची नावं फिरत होती.

मी आले तेव्हा तुला एकदा ऑपरेशनला नेऊन आणलं होतं. हात उघडून धुतला होता. सर्जन मला ओळखत होते, म्हणून त्यांनी आडपडदा ठेवला नाही. जंतू मांसातून वर चढतायत, साखर वाढलेली, हात कोपराच्या वरून काढावा लागेल, तरी सांगता येत नाही. दादा भिंतीला टेकून बसला. मग तुलाच सांगितलं. तू शुद्धीवर होतीस. मास्कच्या आतून म्हणालीस, "काढा की मग. तो कामाचा राहिला नाय."

आणि माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला. भट्टीसारखं तापलं होतं. मला वाटलं तू आता 'घाबरू नको' म्हणशील, किंवा 'दादाला बघ' म्हणशील. मरणाऱ्या माणसांकडून मी असंच ऐकत आले. तू मास्क चांगल्या हातानं बाजूला केलास. "तिथं कसं वाटलं गं?" विचारलंस.

मी बोलणार तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

हात काढला. त्यानंतर तू जागी झाली नाहीस. जंतू रक्तात गेले होते. अतिदक्षता विभागातल्या सगळ्या सिस्टर माझ्या ओळखीच्या, त्यांनी मला आत बसू दिलं. मॉनिटर मी इतकी वर्षं वाचतेय, की तो काय सांगतोय हे मला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. तेच वाईट होतं. इतर नातेवाइकांना निदान आशा तरी असते.

रागावले आहे मी तुझ्यावर, वहिनी. हे कार्यक्रमात बोलता आलं नसतं. सगळे म्हणत होते, किती सोशीक, किती समजूतदार. मला माइकवर ओरडावंसं वाटत होतं, सोशीक नव्हती, हट्टी होती! दुसऱ्याचा हात पाण्यात धरून बसायची आणि स्वतःचा पदराखाली. मी अर्ध्यातून आले असते. आलेच असते. बोधीचं झाड कुठं पळून जाणार होतं? पुढच्या वर्षी आपण दोघी गेलो असतो. आणि दुसऱ्या क्षणाला मला त्या खिडकीपाशी चालणारी तू दिसतेस, आणि वाटतं की एवढं माझ्यासाठी आयुष्यात कुणी केलं नाही. हे दोन्ही एकाच घशात अडकलंय. एक गिळलं की दुसरं वर येतं.

सुभेदारांच्या टाकीतले ते मासे आपल्याच दुकानात आहेत. हलवायच्या गडबडीत राहिले ते राहिले. परवा मी जेवायला बोलवायला गेले तर दादा त्यांच्या काचेसमोर स्टुलावर बसला होता. म्हणाला, "यातला कोणता, ते कळत नाय गं. सगळे सारखेच दिसतात." मी म्हणाले, कोणता ते कळून काय करणार? मग उठून त्यानं त्यांना खायला घातलं. सगळ्यांना घातलं. दुकान चालवायचं की बंद करायचं हे त्याचं ठरलेलं नाही. सुभेदार येऊन बसून जातात, मासे परत मागत नाहीत.

मला ड्युटीवर जावंच लागतं. गेल्या आठवड्यात एक बाई आली, हात सुजलेला. काटा टोचला म्हणाली. नवा डॉक्टर लिहायला लागला होता. मी मधेच विचारलं, कशाचा? एवढ्या जोरात विचारलं की बाई दचकली. बोरीचा, म्हणाली. खरंच बोरीचा होता. मी स्टोअररूममध्ये जाऊन बसले, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये, आणि तिथं पहिल्यांदा रडले.

तू विचारलं होतंस, तिथं कसं वाटलं. तेवढं सांगायचं राहिलं, म्हणून हा सगळा प्रपंच.

झाडापाशी लई गर्दी होती. कुठकुठची माणसं, कुणाची भाषा कुणाला येत नाही. मला बसायला जागा मिळेना. एका म्हाताऱ्या बाईनं, डोंगराकडची असावी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आपली चटई सारून मला हातानं ओढून बसवलं. मी वंदना म्हणायला डोळे मिटले. आणि वहिनी, मला झोप लागली. भर दुपारी, हजार माणसांत, मांडी घातलेल्या जागी. आईच्या खाटेशेजारी मी वर्षानुवर्षं एक कान उघडा ठेवून झोपले, तशी नाही. गाढ. डोकं त्या बाईच्या खांद्यावर गेलं असावं, तिनं ते तसंच राहू दिलं होतं. जाग आली ती फोननं. तूच होतीस. ती लग्नाची दुपार होती. दादा म्हणतो, त्या डॉक्टरकडून येऊन तू मांडवाच्या मागच्या खोलीत पडली होतीस, हात उशीवर ठेवून, आणि तापानं तुझे दात वाजत होते. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला फक्त मागं वाजणारा बँड ऐकू आला.

"जेवलीस का?" तू विचारलंस.

"वहिनी," मी म्हणाले, "मी झोपले होते गं."

तू हसलीस. "मग झोप की," म्हणालीस, आणि फोन ठेवलास.